फुकागावा पायी पाहताना: टोकियोच्या कालव्यांकाठची एक दिवसाची वाट

टोकियोत नव्याने राहायला आलेल्या माणसाने जुने शहर कुठे पाहावे असे विचारले, की बहुतेक वेळा त्याला असाकुसाला जाण्याचा सल्ला मिळतो. असाकुसा पाहण्याजोगे आहेच; परंतु पाण्याच्या आधाराने वाढलेली कारागिरांची, हमालांची आणि व्यापाऱ्यांची वस्ती कशी असते हे ज्याला गर्दीच्या रेट्याबाहेर राहून सावकाश समजून घ्यायचे आहे, त्याने सुमिदा नदीच्या पूर्वेला, कोतो प्रभागातील फुकागावात यावे. शहरातील मराठी कुटुंबांपैकी अनेक जण ज्या निशी-कासाईत राहतात, तेथून तोझाई लाइनने हे ठिकाण अवघी चार स्थानके दूर आहे. तरीही रोज कामावर जाताना मोन्झेन-नाकाचो हे नाव नुसते ऐकणारे आणि तेथे कधीच न उतरलेले लोक पुष्कळ भेटतात.

येथे येण्याआधी एक अपेक्षा मात्र घरीच ठेवावी. क्योतोत दिसतात तशा लाकडी घरांच्या रांगा फुकागावात नाहीत. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपानंतर भडकलेल्या आगीत आणि पुन्हा १० मार्च १९४५ च्या मध्यरात्रीनंतर झालेल्या अमेरिकी बॉम्बहल्ल्यात ही वस्ती दोनदा जवळजवळ संपूर्ण जळाली. त्या एका रात्रीत टोकियोच्या पूर्व भागात सुमारे एक लाख माणसे मरण पावली. आज दिसणाऱ्या इमारती त्यामुळे बहुतांशी युद्धानंतरच्या आहेत. आगीला जे जाळता आले नाही ते येथे जुने आहे: कालव्यांच्या सरळ रेषा, पुलांच्या जागा, देवस्थाने, त्यांचे उत्सव आणि ते उत्सव चालवणारी शेजारमंडळे. म्हणूनच फुकागावा पाहताना रस्त्यांपेक्षा पाण्यावर आणि पुलांवर नजर ठेवून चालावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढची वाट त्याच हिशेबाने आखली आहे.

थोडी पार्श्वभूमी ठाऊक असली तर चालताना दिसणाऱ्या गोष्टींची संगती लागते. सोळाव्या शतकाच्या शेवटी तोकुगावा इएयासू, पुढे जपानचा सत्ताधीश झालेला सरदार, एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, आला तेव्हा सुमिदाच्या पूर्वेला खाडीच्या तोंडाशी बरीचशी दलदल होती. पूर्वेकडील ग्योतोकूच्या मिठागरांतले मीठ उघड्या समुद्राच्या लाटा टाळून एदोच्या किल्ल्यापर्यंत पोचावे म्हणून त्याने ओनागी हा सुमारे ५ किलोमीटर लांबीचा, जवळजवळ सरळ कालवा खणवून घेतला. फुकागावा हाचिरोएमोन नावाच्या माणसाने आपल्या सोबत्यांसह येथील जमीन राहण्यायोग्य केली आणि त्याचेच आडनाव गावाला मिळाले. १६५७ मध्ये एदोचा मोठा भाग जळाल्यानंतर शहर नदी ओलांडून पूर्वेकडे पसरू लागले, कोठारे आणि देवळे इकडे आली, आणि आगीला खाद्य पुरवणाऱ्या लाकडाच्या वखारीही वस्तीपासून दूर हलवाव्यात म्हणून १७०१ च्या सुमारास शेजारच्या किबात नेण्यात आल्या. तांदूळ, तेल, मीठ, लाकूड सारे काही होडीने येई आणि होडीनेच जाई.

निघण्यापूर्वी

सोमवार टाळावा. टोकियोतील अनेक संग्रहालये सोमवारी बंद असतात आणि फुकागावातील प्रभागाची संग्रहालयेही महिन्यातील काही सोमवारी बंद ठेवली जातात. शिवाय दुरुस्तीसाठी मोठी सुटी घेण्याची त्यांची पद्धत आहे, म्हणून आदल्या दिवशी संकेतस्थळ पाहून घेणे शहाणपणाचे. महिन्याच्या १, १५ आणि २८ तारखेला फुदो-दो मंदिराची यात्रा भरते आणि वाटेवर खाण्यापिण्याच्या गाड्या लागतात. शक्य असल्यास यांपैकी एखादा दिवस निवडावा. ऋतूचा विचार केला तर मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा सर्वोत्तम, कारण त्या वेळी ओयोको कालव्याच्या दोन्ही काठांवरची चेरीची झाडे पाण्यावर झुकून फुललेली असतात आणि कुरोफुने पुलाजवळून होड्याही सुटतात. नोव्हेंबर उत्तम, जानेवारीत थंडी असली तरी आकाश स्वच्छ. जुलै-ऑगस्टमधील दमट उकाडा मात्र मुंबईकरालाही जड जाईल असा असतो.

खिशात १००, १० आणि ५ येनची नाणी ठेवावीत, कारण देवळांच्या दानपेट्यांना आणि लहान दुकानांना कार्ड चालेलच असे नाही. सुइका किंवा पास्मो यांपैकी एक कार्ड रेल्वेसाठी पुरेसे आहे. सहज काढता-घालता येतील असे बूट आणि न फाटलेले मोजे घालावेत. दिवसभरात अनेकदा बूट काढावे लागतात. रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळजवळ नसतात, म्हणून स्वतःच्या कचऱ्यासाठी एक पिशवी हवी. कामाच्या दिवशी सकाळी साडेसात ते नऊ या वेळेत तोझाई लाइनने शहराच्या मध्याकडे जाऊ नये, कारण किबा ते मोन्झेन-नाकाचो हा तिचा पट्टा टोकियोतील सर्वांत गर्दीच्या पट्ट्यांत मोडतो. लहान मूल किंवा चाकाची खुर्ची सोबत असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: कालव्यांवरचे पूल रस्त्याच्या पातळीहून बरेच वर चढलेले असतात आणि काठाच्या पायवाटेवर उतरायला काही ठिकाणी फक्त पायऱ्याच असतात.

हे चढ हौसेखातर केलेले नाहीत. कारखान्यांनी जमिनीखालचे पाणी उपसल्यामुळे विसाव्या शतकात कोतो प्रभागाची जमीन खचत गेली, काही ठिकाणी ४ मीटरांहून अधिक, आणि प्रभागाच्या पूर्वेकडील मोठा भाग आज भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. त्यामुळे काठाच्या भिंती उंचावल्या, पूल वर उचलले गेले आणि कालव्यांना दरवाजे बसले. ओनागी कालव्यावरील ओगीबाशी येथे तर दोन दरवाज्यांमधल्या कुंडात पाणी भरून किंवा सोडून, पश्चिमेच्या आणि पूर्वेच्या पाण्यातील पातळीचा फरक भागवत होड्या पुढे सोडल्या जातात. जे या भागात घर भाड्याने घेण्याच्या विचारात आहेत त्यांनी प्रभाग कार्यालयातून पुराचा नकाशा अवश्य घ्यावा. तो इंग्रजीतही मिळतो.

पहिला टप्पा: फुदो-दो आणि होम

सकाळी साडेदहाच्या सुमारास मोन्झेन-नाकाचो स्थानकावर उतरावे. येथे तोझाई आणि ओएदो या दोन लाइन मिळतात. एताई-दोरी या मुख्य रस्त्यावर वर आल्यावर लाल कमान दिसते. तिच्यातून आत गेले की मिठाई, लोणची, तळलेले मांजू, म्हणजे गोड सारणाचे पाव, आणि पूजेच्या वस्तू विकणारी दुकाने आणि गल्लीच्या टोकाला फुकागावा फुदो-दो. हे मंदिर चिबा प्रांतातील नारिता येथील, शिंगोन या बौद्ध पंथाच्या मोठ्या मठाची टोकियोतील शाखा आहे. नारिताची फुदो म्योओची मूर्ती १७०३ मध्ये प्रथम एदोत आणून येथे दर्शनासाठी ठेवली गेली. काबुकी नट इचिकावा दान्जुरो याची त्या देवावर भक्ती असल्याने शहरातील लोक दर्शनाला लोटले, आणि मेइजी काळात (१८६८–१९१२) येथे कायमचे मंदिर उभे राहिले.

मराठी वाचकाने येथे घाई करू नये. २०११ मध्ये पूर्ण झालेल्या नव्या मुख्य मंदिराच्या बाहेरच्या भिंती काळ्या-सोनेरी अक्षरांनी मढवलेल्या आहेत. ती अक्षरे सिद्धम् लिपीतील असून त्यांत फुदो म्योओचा, म्हणजे आपल्याकडच्या बौद्ध परंपरेतील अचल या देवतेचा, संस्कृत मंत्र लिहिलेला आहे. देवनागरी वाचणाऱ्याला ही लिपी लगेच वाचता येत नाही, पण थोडा वेळ उभे राहिले तर एखाद्या मात्रेची, एखाद्या अनुस्वाराची ओळख पटू लागते. आत रोज सकाळी ९ पासून दर दोन तासांनी गोमा होतो. हा होमच आहे, वज्रयान बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीनमार्गे जपानला गेलेला. मोठमोठे नगारे, मंत्रपठण, समिधांच्या ज्वाळा आणि शेवटी भक्तांच्या पिशव्या व पाकिटे अग्नीच्या उष्णतेवर धरून शुद्ध करून परत देणे, असा विधी साधारण अर्धा तास चालतो. तो कोणालाही विनामूल्य पाहता येतो. ११ चा विधी गाठायचा असेल तर दहा मिनिटे आधी बूट काढून आत बसावे, फोन बंद ठेवावा आणि छायाचित्रे घेऊ नयेत. नगाऱ्यांचा आवाज खरोखर मोठा असतो; तान्ह्या मुलांना घेऊन मागच्या बाजूला बसणे बरे.

बाजूला जुने मंदिरही उभे आहे. युद्धात येथील इमारत जळाल्यावर चिबातील एका देवळाची लाकडी वास्तू उकलून येथे आणून बसवली गेली. नव्या वास्तूच्या झगमगाटानंतर तिचे काळवंडलेले खांब बरे वाटतात.

दुसरा टप्पा: तोमिओका हाचिमान

फुदो-दोच्या अगदी शेजारी तोमिओका हाचिमान-गू आहे, स्थापना १६२७. पहिले बौद्ध मंदिर होते, हे शिंतो देवस्थान आहे, आणि दोन्हीकडचे शिष्टाचार वेगळे आहेत. तोरीच्या कमानीखालून जाताना किंचित वाकावे, मधोमध न चालता कडेने चालावे, पाण्याच्या कुंडाशी आधी डावा मग उजवा हात धुऊन तोंड खळखळावे, पेटीत नाणे टाकावे, दोनदा वाकून दोन टाळ्या वाजवाव्यात, हात जोडावेत आणि पुन्हा एकदा वाकावे. बौद्ध मंदिरात टाळ्या वाजवायच्या नसतात. नवख्यांची येथेच गल्लत होते, पण कोणी रागावत नाही.

या आवाराचा सुमोशी जवळचा संबंध आहे. देवस्थानांसाठी निधी जमवण्याच्या निमित्ताने होणाऱ्या सुमो कुस्त्यांना एदोत बंदी होती. १६८४ मध्ये त्या येथे पुन्हा अधिकृतपणे सुरू झाल्या आणि पुढे दीर्घकाळ येथेच भरत राहिल्या. देवळाच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात योकोझुनांची, म्हणजे सर्वोच्च श्रेणीच्या मल्लांची, नावे कोरलेली प्रचंड शिळा आहे. ती १९०० मध्ये बाराव्या योकोझुनाच्या, जिन्माकू क्युगोरोच्या, पुढाकाराने उभी राहिली. आपल्याकडे तालमीत गेलेल्या कोणालाही ती शिळा पाहून आत काहीतरी हलल्याशिवाय राहणार नाही.

प्रवेशाजवळ काचेमागे सोन्याने मढवलेली मिकोशी, म्हणजे देवाची पालखी, ठेवलेली आहे. १९९१ मध्ये एका उद्योजकाने दिलेल्या या पालखीचे वजन सुमारे ४.५ टन आहे. तिच्याइतकाच वेळ जवळच्या इनो तादाताकाच्या पुतळ्यालाही द्यावा. पन्नाशी उलटल्यावर खगोलशास्त्र शिकून, १८०० मध्ये उत्तरेकडच्या एझो बेटाकडे पायी मोजणीला निघालेला आणि पुढे साऱ्या जपानच्या किनाऱ्याचा नकाशा करणारा हा गृहस्थ फुकागावात राहत होता आणि प्रत्येक मोहिमेपूर्वी या देवळात येऊन पाया पडत असे.

ऑगस्टच्या मध्यास येथे जो उत्सव होतो, तो एदोच्या तीन मोठ्या उत्सवांपैकी एक. दर तीन वर्षांनी त्याचे मोठे स्वरूप असते. २०२३ मध्ये असा मुख्य उत्सव झाला, त्या क्रमाने २०२६ चे वर्ष येते. त्या दिवशी पन्नासहून अधिक पालख्या ‘वाश्शोई, वाश्शोई’ अशा आरोळ्यांत रस्त्यावर निघतात आणि दुतर्फा उभे असलेले लोक खांदेकऱ्यांवर बादल्या बादल्या पाणी ओततात; अग्निशमन दलाचे बंबही त्यात भाग घेतात. पाहायला जाणाऱ्याने भिजण्याची तयारी ठेवावी, फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालावा आणि सकाळी लवकर जागा धरावी. १८०७ च्या उत्सवात गर्दीच्या भाराने त्या काळचा लाकडी एताई पूल कोसळून हजाराहून अधिक माणसे बुडाली होती. आज पोलीस जो कडक बंदोबस्त ठेवतात, दोऱ्या लावून लोकांना थांबवतात, त्याचा कंटाळा करू नये.

तिसरा टप्पा: पाणी नसलेला पूल आणि दुपारचे जेवण

देवळाच्या पूर्वेच्या बाजूने बाहेर पडले की दोन मिनिटांवर एक लहानसा लाल लोखंडी पूल आहे, हाचिमान-बाशी. बहुतेक पर्यटक त्याच्याकडे न पाहता निघून जातात, आणि माझ्या मते या संपूर्ण वाटेवर यापेक्षा मोलाची वस्तू क्वचितच असेल. जपानमध्ये तयार झालेल्या लोखंडाचा देशातला हा पहिला पूल. तो १८७८ मध्ये सरकारी कारखान्यात तयार होऊन शहराच्या मध्यभागी, क्योबाशीजवळच्या कालव्यावर बसवला गेला होता आणि त्याची रचना स्क्वायर व्हिपल या अमेरिकी अभियंत्याच्या पद्धतीवर बेतलेली होती. भूकंपानंतरच्या पुनर्रचनेत नवा पूल झाल्यावर हा जुना मोडीत न काढता १९२९ मध्ये येथे आणण्यात आला. पुढे येथलाही कालवा बुजवला गेला. आता पुलाखालून पायवाट जाते, म्हणून खाली उतरून त्याचे सांधे, बारीक दांडे आणि जोडांवरची फुले अगदी हाताच्या अंतरावरून पाहता येतात. १९७७ पासून तो राष्ट्रीय महत्त्वाचा सांस्कृतिक ठेवा आहे.

जेवणासाठी याच परिसरात थांबावे. येथली ओळख म्हणजे फुकागावा-मेशी: आसारी नावाच्या शिंपल्या कांद्याच्या पातीसह मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या, रश्शात शिजवून भातावर ओततात. दुसऱ्या प्रकारात त्या भाताबरोबरच शिजवल्या जातात. खाडीत मुबलक मिळणाऱ्या शिंपल्यांवर कोळ्यांनी घाईच्या वेळी केलेले हे जेवण आहे. कोकण आणि गोव्याकडच्या वाचकाला तिसऱ्यांची सवय असते, पण नारळ-मसाल्याऐवजी मिसोचा खारटपणा असल्याने पहिला घास त्याला थोडा सपक वाटतो. ओतलेला प्रकार आधी घ्यावा, त्याची चव अधिक स्पष्ट असते.

शाकाहारी माणसाची मात्र येथे खरी अडचण होते, आणि ती आधीच ओळखून निघावे. वरकरणी निर्दोष दिसणाऱ्या सोबा नूडल्सच्या रश्शात, मिसो सूपमध्ये, भाज्यांतही कात्सुओ माशाचे सार, म्हणजे दाशी, असते. ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन’, म्हणजे मांस आणि मासे खात नाही, हे वाक्य पाठ करावे, पण स्वयंपाक्याला दाशी हा मासा वाटतोच असे नाही, म्हणून ‘दाशी मो दामे देस’ हेही जोडावे. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे घरून डबा आणणे. बाकांची सोय किबा उद्यानात आणि कालव्याकाठच्या छोट्या बागांत आहे; देवळांच्या आवारात डबा उघडू नये.

चौथा टप्पा: यमाच्या दारावरून बागेत

मोन्झेन-नाकाचोच्या चौकात परत येऊन कियोसुमी-दोरीने उत्तरेकडे चालू लागावे. पाच-सहा मिनिटांत डाव्या हाताला होजोइन हे मंदिर लागते. त्याला लोक फुकागावा एन्मा-दो म्हणतात, कारण येथे एन्मा, म्हणजे यमराज, बसलेला आहे. १९८९ मध्ये घडवलेली ही लाल चेहऱ्याची मूर्ती ३.५ मीटर उंच आहे. तिच्यापुढे एकोणीस नवसांची एकोणीस छिद्रे असून हव्या त्या छिद्रात नाणे टाकले की दिवे उजळतात आणि यमराज त्या विषयावर जपानीत उपदेश करतो. व्यसन सुटणे, घरात शांतता, परीक्षेत यश असे ते विषय आहेत. मुलांना हे फार आवडते. मोठ्यांनाही आवडते, कबूल करोत वा न करोत.

नववर्षाच्या सुरुवातीला आलात तर फुकागावाच्या सात भाग्यदेवतांची फेरी येथूनच जोडता येते. त्यांतली बेन्झाइतेन ही सरस्वती, दाइकोकुतेन हा महाकाल आणि बिशामोन्तेन हा वैश्रवण. फेरीला साधारण दोन तास लागतात आणि प्रत्येक ठिकाणी शिक्का मिळतो. बेन्झाइतेनचे फुयुकी नावाच्या जुन्या लाकूड-व्यापारी घराण्याच्या जागेतील छोटे देऊळ इतर दिवशीही पाहण्याजोगे आहे.

पुढे सेन्दाइबोरी कालवा येतो. त्यावरील उमिबे पुलाच्या अलीकडे एका घराच्या ओसरीवर प्रवासी वेशातील काशाचा पुतळा बसलेला दिसेल. तो कवी मात्सुओ बाशो. १६८९ च्या वसंतात आपली झोपडी विकून तो येथल्या एका शिष्याच्या घरी राहिला आणि येथूनच होडीने उत्तरेच्या दीर्घ प्रवासाला निघाला. पूल ओलांडण्यापूर्वी कालव्याच्या कडेची पायवाट पाहून घ्यावी. चेरीच्या दिवसांत ती चुकवू नये.

पूल ओलांडला की डावीकडे कियोसुमी उद्यान. सकाळी ९ ते सायंकाळी ५ उघडे, शेवटचा प्रवेश साडेचारला, शुल्क १५० येन. एका सरदाराच्या वाड्याची ही जागा मित्सुबिशीचा संस्थापक इवासाकी यातारो याने १८७८ मध्ये घेतली आणि नोकरवर्गाच्या विरंगुळ्यासाठी व पाहुण्यांच्या स्वागतासाठी येथे बाग केली. तळ्यात पूर्वी सुमिदा नदीचे पाणी घेतलेले असे, त्यामुळे भरती-ओहोटीबरोबर काठाचे रूप बदले; आता तळे पावसाच्या पाण्यावर आहे. बागेचे खरे वैभव फुलांपेक्षा दगडांत आहे. कंपनीच्या जहाजांतून देशभरातून आणलेल्या शिळा जागोजागी बसवलेल्या असून प्रत्येकीपाशी तिच्या मूळ प्रदेशाचे नाव दिले आहे. काठाच्या पाण्यात अंतरा-अंतराने ठेवलेल्या दगडांवरून पावले टाकत जाण्याचा जो मार्ग आहे, त्याने नक्की जावे: घाईने चालताच येत नाही आणि नजर आपोआप पाण्यातल्या कासवांवर, कार्पवर जाते. तळ्यावर पुढे आलेला र्‍योतेई हा मंडप १९०९ मध्ये लॉर्ड किचनरच्या स्वागतासाठी बांधला गेला. हा तोच किचनर, जो त्याआधीची सात वर्षे हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजांचा सरसेनापती होता. १९२३ च्या आगीत ही बाग असंख्य लोकांचे आश्रयस्थान ठरली. त्यानंतर मालकांनी कमी हानी झालेला पूर्वेकडचा भाग शहराला दिला आणि १९३२ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला.

पाचवा टप्पा: १८४० च्या दशकातली गल्ली

बागेसमोरच्या रस्त्याने दोनच मिनिटांवर फुकागावा एदो संग्रहालय आहे. आतापर्यंत जी जुनी घरे दिसली नाहीत ती येथे आहेत, पूर्ण आकारात, छताखाली. १८४० च्या सुमाराचा सागाचो हा नदीकाठचा मोहल्ला येथे उभारला आहे: तेलविक्याचे दुकान, तांदूळ सडणाऱ्याचे दुकान, कोठार, टेहळणीचा मनोरा, धक्क्यावर बांधलेली होडी, होडीवाल्यांची खाणावळ आणि मागे नागाया, म्हणजे एका ओळीतल्या एकखोली चाळी. बूट काढून घरात शिरता येते, भांडी हाताळता येतात. दिवे आणि आवाज बदलत राहतात, कोंबडा आरवतो, संध्याकाळ होते, पाऊस पडतो. निवृत्त स्थानिक मंडळी मार्गदर्शक म्हणून उभी असतात आणि कोणती वस्तू कशासाठी हे हौसेने दाखवतात. भाषा येत नसली तरी त्यांच्याशी बोलण्याचा प्रयत्न करावा. शेजारच्या रेइगान-जी मंदिरातील १७१७ ची काशाची जिझो मूर्ती, म्हणजे बोधिसत्त्व क्षितिगर्भ, येता-जाता पाहून घ्यावी.

या भागात आता कॉफीची दुकाने फार झाली आहेत. २०१५ मध्ये ब्लू बॉटल या अमेरिकी दुकानाने जपानमधील आपली पहिली शाखा येथे उघडली, आणि लाकडाच्या व इतर मालाच्या जुन्या वखारींची उंच छते कॉफी भाजण्याच्या यंत्रांना सोयीची असल्याने इतरही आले. एखादा कप घ्यायला हरकत नाही. पण रांगेत तासभर उभे राहून पुढचा टप्पा गमावण्याइतके त्यात काही नाही. आधुनिक कलेची आवड असेल तर किबा उद्यानाच्या उत्तर टोकाचे समकालीन कला संग्रहालय वेगळ्या दिवशी पाहावे, त्याला अर्धा दिवस लागतो.

सहावा टप्पा: नदी आणि कवी

संग्रहालयातून साडेतीनच्या आत निघून वायव्येकडे ओनागी कालव्यावरील मान्नेन पुलापर्यंत जावे. चित्रकार होकुसाईने फुजी पर्वताच्या आपल्या प्रसिद्ध चित्रमालिकेत या जागेच्या जुन्या लाकडी पुलाच्या कमानीखालून फुजी दाखवला आहे. आज फुजी दिसत नाही. त्याऐवजी पुलाजवळच्या काठावरून सुमिदावरचा निळा कियोसू पूल सर्वांत देखणा दिसतो. १९२८ चा हा झुलता पूल जर्मनीतील कोलोनच्या त्या वेळच्या पुलावरून बेतला होता.

पुलाच्या पलीकडे, कालवा नदीला मिळतो त्या कोपऱ्यावर बाशोच्या झोपडीच्या स्मृतीची छोटी बाग आहे. बाशो १६८० मध्ये शहराच्या मध्यभागातून फुकागावात राहायला आला. शिष्याने दिलेल्या केळीच्या रोपावरून झोपडीला आणि मग कवीलाही नाव मिळाले, आणि तळ्यात उडी घेणाऱ्या बेडकाची हायकू याच काळातली. शिरीष पै यांच्यामुळे मराठीत रुळलेल्या या काव्यप्रकाराची मुळे शोधणाऱ्याला येथे आणि जवळच्या बाशो संग्रहालयात तासभर सहज घालवता येईल. बाग साडेचारला बंद होते. तेथला बाशोचा बसलेला पुतळा मात्र ५ वाजता स्वतःभोवती वळून नदीकडे तोंड करतो, आणि तो नंतर खालच्या नदीकाठच्या पायवाटेवरून दिसतो.

पुढे वेळ उरला तर

येथून मोरिशिता स्थानक जवळ आहे. तेथून ओएदो लाइनने तिसरे स्थानक त्सुकिशिमा, आणि त्याच्या शेजारचे त्सुकुदा हे ओसाकाकडून आणवलेल्या कोळ्यांनी सतराव्या शतकात वसवलेले बेट. भूकंपाची आणि युद्धाची आग येथे पोचली नाही, त्यामुळे अरुंद बोळ, दारापुढच्या कुंड्या आणि काही लाकडी घरे अजून शिल्लक आहेत. मागे गगनचुंबी इमारती आणि पुढे लहानशा खाचेत बांधलेल्या होड्या असे दृश्य त्सुकुदाच्या लाल पुलावरून दिसते. १९६४ मध्ये सुमिदा नदीवर मोठा पूल होईपर्यंत येथे तरीने यावे लागे. गल्ल्या फार अरुंद आहेत, लोक तेथे राहतात, म्हणून मोठ्याने बोलू नये आणि घरांच्या दारांची छायाचित्रे घेऊ नयेत.

बाशोच्या पुतळ्याचे वळणे पाहायचे की त्सुकुदा, यांपैकी एकच त्या दिवशी जमेल, कारण त्सुकुदानीची दुकाने संध्याकाळी लवकर बंद होतात. त्सुकुदानी म्हणजे लहान मासे, शिंपल्या किंवा समुद्रशेवाळ सोया सॉस आणि साखरेत आटवून केलेला, बरेच दिवस टिकणारा भाताबरोबरचा तोंडी लावण्याचा प्रकार. तेन्यासू हे दुकान तर १८३७ पासूनचे आहे. सुटे वजनावर मिळते, १०० ग्रॅमपासून मागावे. शाकाहारी असाल तर कोम्बु शेवाळाचा प्रकार निवडताना त्यातही दाशी आहे का हे विचारून घ्यावे.